तात्यांच्या हातची घोडी

स्क्रू-ड्रायव्हर सोनूआत्याच्या मांडीखाली होता आणि आत्या ओटीवर अशी ठाण मांडून बसली होती, की तिला हलवायला मिऱ्याबंदरावरची क्रेनच आणावी लागली असती.

"आत्या, ऊठ ना," अनिल तिसऱ्यांदा म्हणाला.

"नाय उठणार. माझ्या भावाच्या हातची वस्तू हाय ती. तो वर गेला तरी मी हाय अजून खाली."

समोर चटईवर अनिलची बेस गिटार उताणी पडली होती. तिच्या बुडाशी, जिथून चारही जाड तारा निघतात, तिथे सागाच्या ठोकळ्यावर एक पितळी पट्टी ठोकलेली होती. तंबोऱ्याला जशी घोडी असते, तशी ही गिटारची घोडी. दुकानातले लोक तिला ब्रिज म्हणतात, पण शिवलकरांच्या घरात गेली तेहेतीस वर्षं तिचं नाव एकच होतं, तात्यांची घोडी. केरूतात्या म्हणजे मिऱ्यावरचे होड्यांचे सुतार, अनिलचे वडील. गिटारचा मूळचा ब्रिज खाऱ्या वाऱ्याने गंजून तुटला, तेव्हा त्यांनी मोडीत निघालेल्या एका लाँचच्या पितळेतून ही पट्टी कापली, घासली आणि काटकोनी गुण्या लावून, एक डोळा मिटून, सरळ रेषेत बसवली. तात्यांच्या हातून आयुष्यात काही वाकडं गेलं नाही, हे या घरातल्या लहान पोरालाही पाठ होतं.

"आत्याआजी, आजोबांनी केलं ते त्या वेळी भारीच होतं," आरोही म्हणाली. "पण मी हा खास आणलाय बघ."

तिने पिशवीतून नवा ब्रिज काढला. भरीव पितळेचा, चकचकीत, त्यावर तारांसाठी चार सुटे ठोकळे, आणि प्रत्येक ठोकळा स्क्रूने पुढेमागे सरकणारा. अनिलची ही लेक इंजिनिअरिंग अर्ध्यात सोडून पुण्यात वाद्यदुरुस्तीच्या दुकानात लागली, तेव्हा घरात जे रामायण झालं ते झालं. आता निदान घरची दुरुस्ती तरी फुकटात होईल, अशी अनिलने मनाची समजूत घातली होती.

आत्याने ब्रिज हातात घेऊन तोलला. "ह्याच्यावर बाजारात सुरमई तोलून व्हईल."

"जडच हवा. आवाज भरीव येतो. पण खरं कारण ते नाही." आरोही बापाकडे वळली. "बाबा, उद्या बाळाकाकाच्या वेदिकाची हळद. काका स्वतः गाणार. एकतीस वर्षांनी. आणि ही गिटार मोकळ्या तारांवर सुरात आहे, पण मानेवरच्या वरच्या पडद्यांवर बोट गेलं की तिचा सूर चढतो. तुला ऐकू येत नाही?"

ऐकू येत नाही? हा प्रश्न, आणि तो अनिल शिवलकरला! कान म्हणजे त्याचाच. सागरतारा ऑर्केस्ट्रा होता तोवर सूर कुणाचा लागला आणि कुणाचा पडला, याचा निकाल तोच द्यायचा आणि त्यावर अपील नसायचं. ऑर्केस्ट्रा बंद पडल्यावर एसटीच्या आगारात माइकवरून गाड्या पुकारतानासुद्धा 'हातखंबामार्गे' हा शब्द नीट सुरात पडला की नाही, इकडे त्याचं लक्ष असे. प्रवाशांनी त्याबद्दल कधी दाद दिली नव्हती. प्रवाशांना कान नसतो, असं अनिलचं प्रामाणिक मत होतं.

आरोहीने फोनवर सूर दाखवणारं ॲप उघडलं. मोकळी तार छेडली, काटा बरोबर मध्यावर आला. मग तिने तीच तार बाराव्या पडद्यावर दाबली. तोच सूर एक सप्तक वर यायला हवा होता. काटा मध्य ओलांडून उजवीकडे गेला आणि तिथेच थरथरत राहिला.

"फोन कुठून घेतलास?" अनिलने विचारलं.

"बाबा!"

"नाही, असतो कधी कधी दोष."

स्वयंपाकघरातून नम्रता हात पुसत बाहेर आली. "अहो, लावू दे तिला. नाहीतरी तुमची ती गिटार सुरू झाली की माझ्या फडताळातल्या बश्या नाचायला लागतात."

"नम्रता," आत्या गोड आवाजात म्हणाली, "तुज्या हळदीला हीच वाजली व्हती ना गो? हीच घोडी व्हती तेव्हा. त्या दिवशी केरू कसला हसत व्हता, आठवतंय?"

नम्रताला आठवलं. सासऱ्यांना हसताना तिने आयुष्यात दोनदाच पाहिलं होतं, त्यातली ती एक वेळ. ती पदर सावरत आत्याशेजारी टेकली. "तेही खरंच. कशाला काढायची? आहे ते बरं आहे."

अशा रीतीने दोन मिनिटांत एक मत इकडून तिकडे गेलं. अनिल स्वतः कुणाच्या बाजूचा होता, हे त्यालाही सांगता आलं नसतं. लेकीचं ऐकावं तर आपल्या कानावर शंका, आत्याचं ऐकावं तर उद्या लेक बोलणार नाही. अशा वेळी तो नेहमी करायचा तेच त्याने केलं. तारा पुसायला घेतल्या.

वाट काढली ती गंगारामकाकांनी. काका म्हणजे तात्यांचे कामातले जोडीदार. ते हळदीच्या मांडवाचे खांब बघायला आले होते आणि चहाला थांबले होते. त्यांनी बशीतला चहा संपवला, मिश्या पुसल्या आणि म्हणाले, "येवढी हुज्जत कशाला? गाऱ्हाणं घालूया. नारळ ठेवा, केरूला सांगा आणि काढा. आपण व्हडीच्या तोंडचा जुना नाळ काढताना सांगायचो तसाच."

देवापुढे आत्याचा इलाज नव्हता. तिने कुरकुरत मांडी हलवली आणि स्क्रू-ड्रायव्हर मोकळा झाला.

बेस गिटारीसमोर गाऱ्हाणं घातल्याचं याआधी ना रत्नागिरीत कुणी ऐकलं असेल ना बाहेर. पण नारळ आला, पानाचा विडा आला, नम्रताने गिटारीला हळदकुंकू लावलं, आणि चौघं उभी राहिली. आत्या बसूनच होती, पण हात जोडून.

"बा देवा म्हाराजा!" काकांनी खणखणीत सुरुवात केली.

"व्हय म्हाराजा!"

"आज ह्या शिवलकरांच्या ओटीवर ही जी काय... काय म्हणायची गो हिला?"

"बेस गिटार," आरोही कुजबुजली.

"ही जी काय बेस गिटार तुज्या पुढ्यात ठेवलेली हाय, तिच्यावरची आमच्या केरूची घोडी ही पोरं आज उतरवतायत. केरूच्या मनात काय किंतू असंल, तर तो दूर कर, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"उद्या ह्याच घरच्या लेकीची हळद हाय. बाळा गाणार हाय. त्याचा गळा..." काका अडखळले. सगळ्यांनी खाली पाहिलं. "त्याच्या गळ्याकडं जरा बग, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळ्यात मोठा आवाज अनिलचा होता.

"आन ह्या घरात जा काय वाकडा असंल, ता सरळ कर, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

बाळाच्या गळ्याची गोष्ट घरात कुणी काढत नसे, कारण निकाल कधीच लागून गेला होता. बाळा हा अनिलहून दोन वर्षांनी धाकटा. ऑर्केस्ट्राचा पहिला गायक तोच. बंदरावरच्या सत्यनारायणाला गाताना तो मुखडा असा उचलायचा, की जाळी विणणारे खलाशी हातातलं काम ठेवायचे. पण अंतरा आला, की काहीतरी बिनसायचं. अनिल गिटारीवर वरच्या पडद्यांकडे सरकायचा आणि बाळाचा सूर त्याच्या खाली पडायचा. एकदा पडला, दहादा पडला. एका कार्यक्रमाला मागून शिट्ट्या आल्या. त्या रात्री घरी अनिलने तात्यांसमोर निकाल दिला होता, "बाळाचा अंतरा चढत नाही. तो बेसूर होतो. त्याने झांज घ्यावी." तात्यांनी मान डोलावली होती. "अन्याला कान हाय," ते म्हणाले होते. तात्यांच्या तोंडून आयुष्यात मिळालेली ती अनिलची एकमेव शाबासकी.

बाळाने झांज घेतली. पुढे हातखंब्याला हायवेवर टायरचं दुकान टाकलं. ऑर्केस्ट्राने त्याच्यामागे चार गायक बदलले, आणि नवल म्हणजे चौघेही अंतऱ्यात खाली पडायचे. खाऱ्या वाऱ्याने इथल्या माणसांचे गळेच बसलेले असतात, असा अनिलने शोध लावला होता. कॅसिओ वाजवणारा नितेश एकदा भीत भीत म्हणाला होता, की माझ्या पट्ट्यांशी बाळाचं जुळतं. तेव्हा अनिलने कॅसिओ दुरुस्तीला कोल्हापूरला पाठवला होता. दोनदा.

तात्यांची घोडी सहजासहजी निघाली नाही. होडीला मारायचे तसले स्क्रू त्यांनी मारले होते. शेवटी काकांनीच जोर लावला आणि सागाचा ठोकळा करकरत सुटला. खाली लाकडावर पेन्सिलची एक रेघ होती, तात्यांच्या हातची, सुरीने कापल्यासारखी सरळ.

"बगा," आत्याने डोळ्याला पदर लावला. "अजून हाय तशी."

अनिलने रेघेवरून बोट फिरवलं. काही झालं तरी बापाचा हात होता तो.

आरोहीने जुनी भोकं सागाच्या काड्यांनी बुजवली, अर्थिंगची बारीक वायर नव्या ब्रिजखाली नीट दाबली आणि काकांच्या हातड्रिलने नवी भोकं पाडली. पाच स्क्रू बसले. तारा ओवल्या. मग ती पाणी प्यायला आत गेली, तेवढ्यात अनिलने फळीवरून तात्यांचा गुण्या काढला आणि चारही ठोकळे स्क्रूने सरकवत एका रेषेत आणून ठेवले. कसं घरच्यासारखं दिसायला लागलं. आत्याने लांबून मान डोलावली.

आरोही परत आली आणि गिटारीकडे बघून कपाळाला हात लावला. "कुणी केलं हे?"

"सरळ केलं. वेडेवाकडे होते."

"बाबा, ते वेडेवाकडेच असतात! जाड तारेला थोडी जास्त लांबी लागते, बारीक तारेला कमी. म्हणून तर प्रत्येक तारेचा ठोकळा सुटा असतो. सगळे एका रेषेत आले, की खाली सूर बरोबर लागतो आणि वर गेलं की चढतो."

"मग कंपनीचा पहिला ब्रिज..."

"त्यातही असेच पुढेमागे असणार."

असेच होते. अनिलला आता लख्ख आठवलं. तुटका ब्रिज हातात घेऊन तात्या म्हणाले होते, "ह्याचे चार दात चार दिशांना गेलेत. ढिला पडून पार वाकडा झालाय." आणि त्यांनी तो सरळ केला होता.

आरोही एकेक ठोकळा सरकवायला लागली. मोकळी तार, बारावा पडदा, काटा. थोडं मागे. परत मोकळी तार, बारावा पडदा, काटा. अर्ध्या तासाने चारही तारांना काटा खाली आणि वर दोन्हीकडे मध्यावर उभा राहायला लागला. ठोकळ्यांची रांग मात्र जिन्याच्या पायऱ्यांसारखी तिरपी झाली होती.

"ही कसली गो रांग?" आत्या म्हणाली. "केरूनं बगितलान असतान तर हातोडा मारलान असतान."

"वाजव, बाबा. गण वाजव. अंतऱ्याचा तुकडा."

गंगारामकाकांनीच रचलेला तो गण ऑर्केस्ट्राच्या प्रत्येक कार्यक्रमाला आधी म्हटला जायचा. अनिलने डोळे मिटले. खालचा भाग नेहमीसारखा वाजला. मग हात वर सरकला, अंतऱ्याच्या पहिल्या सुरावर बोट पडलं, आणि त्याने डोळे उघडले.

सूर खाली आला होता. फार नाही, केसभर. पण ही केसभर जागा अनिलच्या ओळखीची होती. बाळा नेमका इथेच पडायचा.

त्याने परत वाजवलं. परत तेच. मग तो उठला, माळ्यावरून कॅसिओ काढला, धूळ झटकली, वायर लावली आणि तोच सूर दाबला. गिटार आणि कॅसिओ एकमेकांना चिकटून वाजले. कोल्हापूरला दोनदा जाऊन आलेल्या कॅसिओत कधीच काही बिघाड नव्हता. बिघाड नसलेलं यंत्र तिथल्या भल्या दुरुस्तीवाल्याने दोनदा पुसून परत दिलं असणार.

अनिल खाली बसला. बाळा सुरात होता. ते चौघेही सुरात होते. सबंध मिऱ्या सुरात होतं, आणि त्यात एकटा बेसूर असलेला माणूस मध्यभागी उभा राहून सगळ्यांना पास-नापास करत होता. त्याला हसू यायला हवं होतं. दुसऱ्या कुणाची गोष्ट असती, तर आगारात चहाच्या टपरीवर ती त्याने महिनाभर रंगवून सांगितली असती. पण ही त्याची स्वतःची होती.

"बाबा?" आरोहीने विचारलं. "काय झालं?"

त्याने सांगितलं. सांगायला तीन वाक्यं लागली. 

पहिली बोलली आत्या, आणि तिचा आवाज एकदम खाली आला होता. "बाळाला सांगू नको."

"का?"

"चाराला येईल तो. नवी घोडी लावली, आता आवाज बरा येतो, येवढाच सांग. त्याला गाऊ दे उद्या. ता जुना उकरून काय मिळणार? केरूचं नाव तेवढं जाईल. सगळा बंदर म्हणतो, केरूच्या हातचा वाकडा नाय. आन तूपण हसं करून घेशील."

सल्ला चांगला होता. इतका चांगला, की तो अनिलला आत्याच्या आधीच सुचला होता. त्याने नम्रताकडे पाहिलं. ती आत्याशेजारून उठली होती आणि खांबाला टेकून त्याच्याकडे बघत होती.

"माझ्याकडे काय बघताय? मी मघाशीच एकदा बाजू बदलली," ती म्हणाली. "तुमचा भाऊ आहे. पण अहो, दरवर्षी गणपतीत आरतीला तो कुठे उभा असतो, बघितलंत कधी? दाराबाहेर. झांज वाजवतो, पण ओठ हलत नाहीत त्याचे."

अनिलने कधी बघितलं नव्हतं. आरतीत तो सगळ्यांच्या पुढे उभा राहायचा, सूर धरायला.

चाराच्या ठोक्याला अंगणाच्या दगडी गडग्याबाहेर बाळाची जुनी जीप थांबली. वेदिका उडी मारून उतरली. उद्या हळद असलेल्या नवरीने अशी उडी मारू नये, हे आत्याने ओटीवरूनच ओरडून सांगितलं. तिच्यामागून बाळा आला. हातांना टायरचा काळा रंग, आणि बगलेत एक प्लॅस्टिकची पिशवी.

"काय आणलंस?" अनिलने विचारलं.

"झांज," बाळा म्हणाला. "हिला सांगितलंय मी गातो म्हणून, पण दादा, तूच समजव तिला. पोरगी हट्टाला पेटलीय. डीजे नको म्हणते, बाबांनी गायचं म्हणते. व्याही येणार, त्यांच्यासमोर कशाला शोभा? मी झांज धरतो, तू त्या खालच्या आळीतल्या गौरवला बोलव गायला."

"काका, तुम्ही त्यांचं ऐकू नका," वेदिका म्हणाली. "मी त्यांना कधी गाताना ऐकलेलंच नाही. एकदा तरी ऐकायचंय मला. मग जाते मी सासरी."

आत्याने अनिलकडे डोळे वटारले. आता बोलायचं ते आवाज बरा येतो एवढंच. अनिलने घसा साफ केला. आयुष्यभर त्याने महत्त्वाच्या गोष्टी माइकवरूनच सांगितल्या होत्या, त्यामुळे जे तोंडातून बाहेर पडलं ते तसंच पडलं.

"बाळा, एक सूचना आहे."

"कसली?"

"ती पिशवी खाली ठेव."

बाळाने ठेवली.

"तू बेसूर नव्हतास. माझी गिटार बेसूर होती. वरच्या पडद्यांवर चढायची. आज कळलं, आत्ता, दोन तासांपूर्वी. तू बरोबर गायचास आणि मी..." पुढचं वाक्य एवढं जड होईल असं त्याला वाटलं नव्हतं. "मी तुला झांज दिली. चूक माझी. मला कान नाही, बाळा."

 बाळाने विचारलं ते नेमकं जे विचारू नये असं सगळ्यांना वाटत होतं. "चढायची कशापायी पण गिटार? तू तर रोज लावायचास."

अनिलला स्वतःचं नाव घालवणं जमलं होतं, बापाचं घालवणं जमेना. तो नुसता मान खाली घालून बसला. मग ओटीच्या कोपऱ्यातून आवाज आला.

"केरूच्या घोडीपायी," सोनूआत्या म्हणाली. "ती वाकडी लागते म्हणे. व्हडी सरळ लागते, म्हणून त्यान हीपण सरळ केलान." तिने तो सागाचा ठोकळा पट्टीसकट उचलून बाळाकडे सरकवला. "माझा भाव सुतार व्हता, गवई नव्हता. जा काय ता असा हाय. बोल आता काय बोलायचा ता."

बाळाने ठोकळा उचलला. तो डोळ्यासमोर धरला, एक डोळा मिटला आणि पट्टीच्या कडेवरून नजर टाकली. तात्या टाकायचे अगदी तशी.

"सरळ हाय," तो म्हणाला. "एकदम सरळ."

आणि तो खाली पायरीवर बसला.  वेदिकाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला, तेव्हा त्याने तो हात धरला आणि अनिलकडे न बघता बोलायला लागला.

"ही ल्हान असताना झोपायची नाय. रात्र रात्र रडायची. हिची आई कमळा म्हणायची, एक अंगाई म्हणा हो, किती दमलेय मी. मी उठून रेडिओ लावायचो. पोरीच्या कानावर बेसूर कशाला घालायचा, म्हणून." तो थांबला. "दादा, तू एकदा तरी मला विचारायचं होतंस."

"काय?"

"की माजं चुकतंय काय, बाळा."

 अनिलला रडू आलं, आणि ते त्याने लपवलंही नाही. ओटीवर सगळ्यांसमोर पंचावन्न वर्षांचा वाहतूक नियंत्रक नाक ओढत रडला. आरोहीने त्याला रुमाल दिला. तो तारा पुसायचा निघाला आणि त्याच्या नाकाला तेल लागलं.

"शी," वेदिका म्हणाली, आणि सगळ्यात आधी हसला तो बाळा.

"वाजव," तो म्हणाला. "बघूया तुजी वाकडी घोडी."

गंगारामकाका सरसावून बसले. आरोहीने स्पीकर लावला. नम्रता आत जाऊन फडताळातल्या बश्या खाली काढून ठेवून आली. अनिलने गिटार मांडीवर घेतली आणि खालच्या पडद्यांवर सुरुवात केली.

बाळाचा आवाज आधी टायरच्या दुकानातलाच वाटला, खरखरीत, धुळीने भरलेला. पहिल्या ओळीला तो दोनदा खाकरला. दुसऱ्या ओळीला मोकळा झाला. मुखडा परत आला, तेव्हा वेदिकाने तोंडावर हात ठेवला होता. हा माणूस आपल्या घरात राहत होता, हे तिला आत्ता कळत होतं. आत्या मांडीवर ताल धरत होती आणि काका आपलेच शब्द ओठांत पुटपुटत होते.

मग अंतरा आला, आणि बाळा थांबला.

डोळे मिटलेले, मान जरा खाली.  एकतीस वर्षं इथेच अडवलेला माणूस, तो इथेच अडणार. घाई करायची नाही, असं अनिलने ठरवलं. तो खालच्या त्याच चार सुरांत फिरत राहिला. एक आवर्तन झालं, दोन झाली. लागेल तितका वेळ आपण थांबू, असं तो मनात म्हणत होता, आणि असं म्हणताना आपण किती मोठ्या मनाचे आहोत, हेही त्याला जरा जाणवत होतं. तिसरं आवर्तन झालं, चौथं झालं.

बाळाने एक डोळा उघडला.

"दादा, वर ये की रे! मी कधीचा थांबलोय."

अनिलने खाली पाहिलं. त्याचा डावा हात गिटारीच्या मानेवर तळाशीच घट्ट बसलेला होता. एक पडदाही वर सरकला नव्हता. घाबरून थांबला होता तो बाळा नव्हे.

त्याने हात सैल केला आणि वर गेला. बाळा तिथे आधीच होता.